पहिलीच्या आधीचा इतिहास

स्मरणिकेसाठी ‘शाळेच्या आठवणी’ लिहून दे, असा संयोजन समितीचा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटले. दहावी १९९६ च्या तुकडीतल्या कुणाकडे आठवणी कमी आहेत? मोसमला पूर आला की मिळणारी सुट्टी, गॅदरिंगची तालीम, प्रयोगशाळेत फुटलेल्या परीक्षानळ्या आणि त्याबद्दल सगळ्या वर्गाने मिळून खाल्लेली बोलणी. पण लिहायला बसले आणि पेन भलतीकडेच वळले. त्याला कारण मागच्या दिवाळीतली एक भेट.

माहेरी आले होते. गल्लीतून जाताना आपली एक जुनी वर्गमैत्रीण ओट्यावर बसलेली दिसली. पहिली ते सातवी ती आपल्याबरोबर होती. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही. घरात कांड्या भरायचे मशीन चालू होते, बाजूच्या गल्लीतून मागांची खटखट ऐकू येत होती. तीच, आपण लहानपणी झोपेतही ऐकायचो ती. तेवढ्यात तिची चार वर्षांची नात अंगणवाडीतून आली, हातात खिचडीचा डबा. मैत्रिणीने डबा उघडून पाहिला आणि आमच्या अहिराणीत मला विचारले, “तू एवढी शिकलेली. मला सांग, तिथे पोरांना काही शिकवतात का, की नुसता खाऊच?”

मला उत्तर देता आले नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बालशिक्षण हा माझा विषय नाही. ‘शिकवत असतील की,’ असे काहीतरी पुटपुटून मी वेळ मारून नेली. पुण्याला परत जाताना मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. अंगणवाडी आली कुठून? कोणी, कशासाठी सुरू केली? आणि पहिलीच्या आधीच्या त्या वर्षांनी खरेच काही फरक पडतो का? वर्षभर सवडीने वाचत राहिले. जे हाती लागले ते इथे मांडते आहे. आपल्या गुरुजनांपैकी अनेकांना यातले बरेच ठाऊक असेल. चुकले तर नेहमीप्रमाणे लाल पेनाने दुरुस्त करावे.

रोमच्या कामगार वस्तीतून भावनगरला

आज मालेगावात काय किंवा पुण्यात काय, ‘मॉन्टेसरी’ म्हटले की रंगीत भिंती, गणवेश, व्हॅन आणि फीची पावती डोळ्यांपुढे येते. मूळ गोष्ट अगदी उलट आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले ‘बालगृह’ उघडले. आईबाप दिवसभर कामाला जात आणि मागे राहिलेली लहान मुले जिन्यांत, अंगणांत हुंदडत, भिंती खराब करीत. त्या चाळींचे नूतनीकरण करणाऱ्यांना या मुलांना सांभाळणारे कुणीतरी हवे होते. मॉन्टेसरीबाई डॉक्टर होत्या. त्यांनी मुलांना नुसते सांभाळले नाही, बारकाईने पाहिले. मुलाच्या उंचीचे टेबल, त्याच्या हाताला पेलेल अशी वस्तू आणि त्याला हवा तेवढा वेळ दिला, तर तीन-चार वर्षांचे मूल तासन्‌तास एखाद्या कामात रमते, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे जगभर नावाजलेली ही पद्धत जन्मली ती आपल्या इस्लामपुरा-संगमेश्वरसारख्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत.

ती आपल्याकडे आणली गिजुभाई बधेका यांनी. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःचा मुलगा झाला तेव्हा त्याला कसे वाढवायचे या विचारातून ते वाचू लागले आणि त्यात असे गुंतले की वकिली सुटली. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुले त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशीवाली आई म्हणत. मुलांना मारू नये, भीती घालू नये, गोष्टी आणि गाणी हाच त्यांचा पहिला अभ्यास, हे आज सरकारी परिपत्रकांतही लिहिलेले असते. शंभर वर्षांपूर्वी ते बोलणे म्हणजे लोकांची थट्टा ओढवून घेणे होते.

१९२३ साली या बालमंदिरात एक मराठी बाई दाखल झाल्या. ताराबाई मोडक. जन्म १८९२, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. त्याआधी त्या राजकोटच्या महिला अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्या होत्या. संसार मोडलेला, पदरी लहान मुलगी. चांगल्या पगाराची जागा सोडून त्या लहान मुलांना शिकवायला आल्या. १९२६ साली गिजुभाई आणि ताराबाईंनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी मुंबईला, दादरला शिशुविहार चालवला आणि ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतून काढली. आईवडिलांशी बोलणारे, मुलांविषयी लिहिणारे मराठी लेखन त्यांच्यामुळे रुजले.

इथपर्यंतची गोष्ट शहरातली, सुशिक्षित घरांतली. ती तिथेच थांबली असती तर माझ्या मैत्रिणीच्या नातीपर्यंत काहीच पोचले नसते.

बोर्डी आणि कोसबाड

१९४५ साली ताराबाईंनी आपले काम उचलून खेड्यात नेले. त्या वेळच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावात त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वय ५३. त्याच वर्षी बोरिवलीला ग्रामसेविकांच्या एका शिबिरात त्यांची गाठ अनुताई वाघ यांच्याशी पडली आणि अनुताई त्यांच्याबरोबर निघाल्या.

अनुताईंचे नाव वाचताना आपण जरा सावरून बसायला हवे, कारण त्यांनी आपल्याच नाशिक जिल्ह्यात काही काळ शिक्षिका म्हणून नोकरी केली होती. जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळात अशा मुलीच्या वाट्याला काय येत असे ते सांगायला नको. पण त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, नोकरी सांभाळून रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या आणि बोर्डीला गेल्या त्या आयुष्यभरासाठी. १९९२ साली त्यांचे निधन झाले. ४७ वर्षे एकच काम.

बोर्डीत पहिली अडचण पैशाची आली. मॉन्टेसरीची साधने म्हणजे सुबक लाकडी ठोकळे, मणी, दट्टे. त्यांचा एक संच घ्यायचा तर खेड्यातली बालवाडी विकावी लागली असती. मग या दोघींनी शिंपले, बिया, पाने, खडे, माती, काड्या गोळा केल्या. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत, कमी-जास्त हे सगळे चिंचोक्यांवरही शिकता येते. मूळ साधनातले तत्त्व ठेवायचे आणि वस्तू गावातली वापरायची, असा तो हिशेब होता. आमच्या धंद्यात महागड्या परदेशी यंत्रणेऐवजी तेच काम करणारी साधी, घरची यंत्रणा उभी करणाऱ्याला फार मान असतो. मला तर हे वाचून त्या दोघी आमच्यातल्याच वाटल्या.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. बालवाडी उघडली तरी मुले येईनात. १९५७ च्या सुमारास काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासी पाड्यांत गेले तेव्हा तर हे फारच जाणवले. हा सगळा मुलूख वेठबिगारीत पिचलेला. १९४५ मध्ये याच भागात गोदावरी परुळेकर आणि कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला होता. अशा ठिकाणी सात वर्षांची मुलगी शाळेत कशी येणार? तिच्या कडेवर धाकटा भाऊ. आठ वर्षांचा मुलगा कसा येणार? त्याच्यामागे गुरे.

यावर ‘आदिवासींना शिक्षणाचे महत्त्वच कळत नाही’ असे म्हणून मोकळे होता आले असते. त्यांनी तसे केले नाही. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांकडे जाईल, असे ठरवले. बाई सकाळी पाड्यावर जायच्या, कुणाच्या तरी अंगणात बसायच्या, मुलांना गोळा करून हातपाय धुवायच्या, नखे कापायच्या, केस विंचरायच्या आणि मग गाणी, गोष्टी, खेळ सुरू व्हायचे. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. गुराखी मुलांसाठी कुरणातच शाळा, म्हणून कुरणशाळा. आणि मोठ्या मुलीच्या कडेवरचे मूल सांभाळायला पाळणाघर, त्याला लागून बालवाडी, त्याला लागून प्राथमिक शाळा, असे सगळे एका आवारात. त्याला नाव दिले विकासवाडी. धाकटा भाऊ पाळणाघरात ठेवला की ताई शेजारच्या वर्गात बसायला मोकळी.

हा शोध मला फार मोठा वाटतो. मुलगी शाळेत येत नाही याचे कारण त्यांनी मुलीत शोधले नाही, तिच्या कडेवर शोधले.

भाषेचे तसेच. वारली मुलाला पुस्तकातली मराठी परकी. बाईंनी आधी त्याची बोली शिकायची, त्याची गाणी शिकायची, मग हळूहळू त्याला शाळेच्या भाषेकडे आणायचे. याबद्दल पुढे आपल्या संदर्भात लिहिते.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना पद्मश्री. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या, पुढचे सगळे अनुताईंनी सांभाळले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे अनुताईंचे पुस्तक कुठे मिळाले तर जरूर वाचा.

अंगणवाडी देशभर

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशात ३३ प्रकल्प होते. सहा वर्षांखालची मुले, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणे, आईला आहार-आरोग्याची माहिती आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण, अशा सहा सेवा. त्या जिथे मिळतात त्या केंद्राचे नाव अंगणवाडी. बोर्डी-कोसबाडच्या मातीतला हा मराठी शब्द आज देशभर, हिंदीत, कानडीत, मल्याळममध्येही चालतो. पुढे २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही योजना प्रत्येक वस्तीपर्यंत पोचवण्याचा आदेश दिला.

शब्द देशभर गेला. आशय किती गेला? सहा सेवांतली शिक्षण ही सेवा बहुतेक ठिकाणी मागे पडली. त्याचे कारण सेविकेचा आळस नाही. एकच सेविका, तिच्या मदतीला एक मदतनीस. वजने घ्या, रजिस्टरे भरा, आता मोबाईलवर माहिती भरा, लसीकरणाला बायका गोळा करा, पोलिओचा डोस, सर्वेक्षण, कोरोनात घरोघर फिरणे. यातून उरलेल्या वेळात तीस मुलांना गोष्ट सांगायची. आणि या सगळ्याला मिळते ते मानधन, पगार नाही. कारण ती ‘मानसेवी’. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे ठरायला एप्रिल २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. योजना सुरू होऊन तेव्हा जवळजवळ ४७ वर्षे झाली होती.

कायद्याची गोष्टही अशीच. आपल्या राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या कलमात सरकारने १० वर्षांत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले होते. त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, हे फार चांगले झाले, पण तो झाला सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. सहाच्या आतली मुले मार्गदर्शक तत्त्वातच राहिली. म्हणजे सात वर्षांचे मूल शाळेचा हक्क मागू शकते, चार वर्षांच्या मुलासाठी सरकारने ‘प्रयत्न’ करायचा.

नुसता खाऊ पुरतो का?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. यावर जगात झालेल्या अभ्यासांपैकी दोन मला महत्त्वाचे वाटले.

पहिला अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. इप्सिलांटी नावाच्या गावात १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय घरांतली १२३ मुले निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. ५८ मुलांना तीन-चार वर्षांच्या वयात रोज अडीच तासांची चांगली बालवाडी मिळाली, शिवाय बाई आठवड्यातून एकदा घरी येऊन आईशी बोलायच्या. उरलेल्या ६५ मुलांना यातले काही मिळाले नाही. ही मुले चाळिशीची होईपर्यंत संशोधक त्यांच्या मागावर राहिले. गमतीची गोष्ट अशी की बालवाडीमुळे बुद्ध्यंक वाढला तो पहिली-दुसरी-तिसरीत पुसूनही गेला. त्या वेळी कुणी म्हणाले असते, ‘पैसे वाया गेले.’ पण चाळिशीत पाहिले तर बालवाडीतली मुले जास्त कमावत होती आणि पाच किंवा अधिक वेळा अटक झालेल्यांचे प्रमाण त्यांच्यात ३६ टक्के होते, दुसऱ्या गटात ५५ टक्के. मुलांनी तिथे अक्षरांपेक्षा दुसरेच काहीतरी शिकले होते. थांबणे, ठरवणे, सुरू केलेले काम पुरे करणे.

दुसरा अभ्यास जमैकाचा, आणि तो आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरात ९ ते २४ महिन्यांची, वयाच्या मानाने उंची खुंटलेली १२९ बाळे निवडली. त्यांचे चार गट केले. एकाला दर आठवड्याला दुधाची पावडर. दुसऱ्याच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास येऊन, घरच्याच टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी बाळाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे ते आईला दाखवायची. तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनंतर, जिथे बाळांशी खेळणे-बोलणे झाले होते तिथली मुले इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. नुसत्या दूध पावडरीचा असा परिणाम टिकलेला दिसला नाही.

१२३ आणि १२९ हे आकडे लहान आहेत, हे मला माहीत आहे. एवढ्याशा माहितीवर मी कार्यालयात मोठा निर्णय घेऊ दिला नसता. पण दोन वेगळ्या देशांतून, दोन वेगळ्या पद्धतींनी उत्तर एकाच दिशेचे येते. खाऊ हवाच, उपाशी पोर काय शिकणार? पण नुसता खाऊ पुरत नाही. बाळाशी कुणीतरी बोलले पाहिजे, त्याच्या हातात काहीतरी दिले पाहिजे, त्याने विचारलेल्याला उत्तर दिले पाहिजे. आणि जमैकाच्या आरोग्यसेविकेच्या पिशवीत काय होते? टाकाऊ वस्तूंची खेळणी. बोर्डीत चाळीस वर्षे आधी काय होते? चिंचोके आणि शिंपले.

आपल्याकडेही आता याची जाणीव होते आहे. अंगणवाड्यांसाठी महाराष्ट्राने ‘आकार’ नावाचा अभ्यासक्रम केला आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत टप्पा म्हणून धरली आहेत. कागदावर तरी पहिलीच्या आधीची तीन वर्षे आता शिक्षणात मोजली जातात.

आपल्या वर्गातली शेवटची ओळ

आता जरा आपल्याबद्दल.

मी पहिलीत आले त्याआधी दोन वर्षे गल्लीतल्या बालवाडीत जायचे. मंदिराच्या सभामंडपात भरायची. प्रत्येकाने आपापले बस्कर आणायचे. बाई गल्लीतल्याच, साध्या. आमच्या घरी अहिराणी. ‘माले’, ‘तुले’, ‘आठे’, ‘तठे’ एवढीच माझी भाषा. बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, “आठे बस.” मी बसले. काही महिन्यांनी त्याच बाई म्हणू लागल्या, “इथे बस.” मधला प्रवास कधी झाला मला कळलेही नाही. पहिलीत गुरुजी पुस्तकी मराठीत बोलू लागले तेव्हा मला ते समजत होते. मी हात वर करत होते. गुरुजी मला हुशार म्हणाले, पहिल्या ओळीत बसवले आणि दहावीपर्यंत मी त्याच ओळीत राहिले.

माझी ती मैत्रीण त्याच दिवशी पहिलीत आली. तिच्या घरीही अहिराणीच. ती बालवाडीत गेली नव्हती, कारण आई दिवसभर कांड्या भरायची आणि धाकटा भाऊ हिच्या कडेवर. गुरुजी काय म्हणतात ते तिला कळत नव्हते, म्हणून ती गप्प बसायची. गप्प बसते म्हणून ‘ढ’ ठरली. शेवटच्या ओळीत बसली. कधी कधी तो भाऊ वर्गातही यायचा, दाराशी बसून रडायचा, की तिला घरी पाठवले जाई. आपण हसायचो. मीही हसले आहे. सातवीनंतर ती आली नाही, आणि आपल्यापैकी कुणी विचारलेही नाही.

पंचवीस वर्षे मी हे सांगत आले की मी मेहनत केली म्हणून इथवर आले. मेहनत केलीच. पण तिच्याइतकी नाही. ती सात वर्षांची असताना मूल सांभाळत होती.

बालवाडीनेच सगळे ठरले असे मी म्हणत नाही. माझ्या वडिलांना पक्की नोकरी होती, माझ्या कडेवर कोणी नव्हते. आपल्याच वर्गात बालवाडीचे तोंडही न पाहिलेले मित्र पुढे गेले, त्यातले एक तर आज डॉक्टर आहेत. पण शेवटच्या ओळीत बसलेल्यांची नावे मनात आठवून पाहा. त्यातले किती बालवाडीत गेले होते? मी मोजले. आकडा लिहीत नाही, तुम्हीच मोजा.

२०१८ साली माझी धाकटी दीड वर्षांची असताना मी तिला कंपनीच्या पाळणाघरात ठेवून कामावर जायचे. २०१७ च्या कायदा दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले आहे. मी दुपारच्या सुट्टीत खाली जाऊन तिला भेटून यायचे. माझ्या मैत्रिणीने आणि तिच्या आईने आयुष्यभर कांड्या भरल्या, पण घरात. घराला गेट नाही, हजेरीपट नाही, ५० ची मोजणी नाही. त्यामुळे त्यांच्या मुलांना कायद्याचे पाळणाघरही नाही. मागांवर उभ्या असलेल्या या गावात अशी घरे किती असतील, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. कोसबाडला ७० वर्षांपूर्वी जी अडचण ओळखली गेली, ती आपल्या गल्लीत अजून तशीच ओट्यावर बसलेली आहे.

मग आपण काय करायचे?

या स्नेहमेळाव्यासाठी जमलेल्या वर्गणीतून शाळेला स्मृतिकमान बांधून द्यावी, असे घाटते आहे. कमानीला माझा विरोध नाही. आपल्या तुकडीचे नाव दगडावर कोरलेले पाहायला मलाही आवडेल. पण समितीने आणि तुम्ही सर्वांनी एका सूचनेचा विचार करावा, अशी विनंती आहे.

शाळेच्या आसपासच्या वस्तीतल्या अंगणवाड्यांना आपण पाच वर्षे साथ देऊ या. त्यांना उपदेश करायचा नाही. सेविकाताईंना आधी विचारायचे की काय लागते. बहुधा त्या म्हणतील, फळ्या ठोकून द्या, पंखा लावा, पाण्याची सोय करा. ते करायचे. मुलांच्या उंचीची मांडणी, चित्रांची पुस्तके, मराठीत आणि उर्दूत. अहिराणीतल्या गोष्टी आपल्या आयांना, आज्यांना येतात, त्या लिहून काढायच्या. हे काम आपल्यातल्या भाषेच्या शिक्षकांनी मनावर घेतले तर कसमाद्यात दुसरीकडे कुठे झाले नसेल असे होईल. निवृत्त गुरुजन आणि बाई आठवड्यातून एक तास जाऊन गोष्ट सांगू शकतील. आणि सेविकेच्या हाताखाली वस्तीतलीच एखादी मुलगी नेमून तिला आपल्या वर्गणीतून महिन्याचे पैसे देता आले, तर सेविकेला रजिस्टरातून मान वर करून मुलांकडे पाहायला फुरसत मिळेल. हिशेब मी ठेवीन. तेवढे मला येते.

दिवाळीनंतर मी मैत्रिणीला फोन केला. इतके वाचून झाल्यावर तिला उत्तर द्यायचे होते. म्हटले, शिकवायलाच निघाली होती ती अंगणवाडी, खाऊ नंतर आला. ती म्हणाली, “मग आता शिकवायला सांग ना त्यांना.” थोडे थांबून म्हणाली, “नात गाणं म्हणते एक. अहिराणीत नाही, मराठीत. कुठून शिकली कोण जाणे.”

मी म्हटले, अंगणवाडीतूनच शिकली असणार. त्या सेविकेला वेळ नसतानाही तिने ते शिकवले होते. मेळाव्याला मैत्रिणीला घेऊन यायचे आहे. सातवीपर्यंतच होती म्हणून यादीत तिचे नाव नव्हते. मी ते टाकायला सांगितले आहे. ती आली, तर कृपा करून तिला पहिल्या ओळीत बसवू या.